नेट पळतंय, पण बँकेचं पान उघडंना : इचलकरंजीतल्या एका पेढीवरचं प्रकरण

जागा : इचलकरंजीतली सुताच्या व्यापाराची पेढी. खाली गोडाऊन, वर ऑफिस. टेबलांवर विंडोजचे संगणक, भिंतीवर जुना पण दणकट राउटर आणि त्याच्या शेजारी नव्या फायबर जोडणीची पांढरी ओएनटी पेटी (फायबर येऊन जिथे संपते ती). तक्रार एका ओळीची होती : ब्राउजर पानं लोड करत नाही. माझं काम या भागातल्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळायचं, त्यामुळे ही ओळ रोज कुणाच्या तरी तोंडून कानावर येते. दहांपैकी नऊ वेळा तिच्यामागे बिघडलेलं एक्स्टेन्शन, चुकीची तारीख किंवा सैल झालेली केबल असते. इथे यातलं काहीच नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

तक्रारीचा नेमका आकार

पेढीचे दिवाणजी जुन्या वळणाचे. खतावणीतल्या नोंदीसारखी तक्रारही त्यांनी तपशीलवार सांगितली. "गुगल उघडतंय. यूट्यूब तर पळतंय. पोरगं दुपारी क्रिकेट बघतंय, एकदा अडकत न्हाई. पण बँकेचं लॉगिन घेतलं की नुसतं गोल फिरतंय बघा. शेवटी म्हणतंय, साइट रीच होत न्हाई."

मी त्यांना समोर बसवून यादीच करून घेतली. उघडणारं : गुगल, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मराठी बातम्यांच्या मोठ्या साइट्स आणि गंमत म्हणजे त्याच बँकेचं मुखपृष्ठ. न उघडणारं : बँकेचं नेटबँकिंग लॉगिन, माल पाठवणाऱ्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं बुकिंग पोर्टल आणि तमिळनाडूतल्या ज्या गिरणीकडून सूत येतं तिचं ऑर्डर द्यायचं पान. स्पीड टेस्ट लावली तर १०० एमबीपीएसच्या प्लॅनचा वेग जवळजवळ पूर्ण.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच सगळ्यांना चकवत होती. शेजारच्या मिठाईच्या दुकानात त्याच केबलवाल्याचं कनेक्शन आहे आणि तिथे हीच बँक बिनबोभाट उघडते. म्हणजे लाइन चांगली, बँक चांगली, दोष पेढीच्या संगणकांत, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढून टाकला होता. केबलवाल्याला फोन केला की त्याचंही उत्तर ठरलेलं : "स्पीड येतोय ना? मग आमच्याकडून ओके आहे."

विचारताना कळलं, की हे सगळं नव्या फायबरनंतरच सुरू झालं. पण नवं कनेक्शन आधीच्यापेक्षा इतकं वेगवान होतं, की संशयितांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

आधी झालेले उपचार

माझ्या आधी ओळखीतली तीन-चार पोरं येऊन गेली होती. प्रत्येकाने कॅशे आणि कुकीज पुसल्या होत्या. क्रोम काढून पुन्हा टाकलं होतं. एकाने नवा अँटिव्हायरस विकत घ्यायला लावला. एकाने डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून ८.८.८.८, म्हणजे गुगलचा, केला. राउटर बंद-चालू तर रोज सकाळी उदबत्तीसोबत होत होता.

यातला एकही उपाय मुळात खुळचट नाही. जुनी कुकी अडली तर लॉगिनचं पान गोल गोल फिरू शकतं. डीएनएस सर्व्हर मंद असला तर पहिल्यांदा पान उघडताना वेळ जातो. एचटीटीपीएसच्या (कुलूपबंद जोडणीच्या) आत डोकावून तपासणारे अँटिव्हायरस खरोखरच पानं अडवतात. पण यातला प्रत्येक बिघाड आपली वेगळी खूण सोडतो, आणि खूण न बघताच औषध दिलं गेलं होतं. कॅशे पुसण्याबद्दल माझा जरा जास्तच राग आहे. ते करताना सेव्ह केलेल्या पासवर्डसमोरच्या चौकटीतही कुणीतरी टिक करून टाकतं आणि मग गिऱ्हाईक बिचारं बँकेत जाऊन नवा पासवर्ड मागत बसतं. दिवाणजींचं तेच झालं होतं.

खालच्या कोपऱ्यातली ओळ

बँकेचं लॉगिन उघडायला लावलं आणि क्रोमच्या खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे बघत बसलो. पान येत असताना तिथे बारीक अक्षरांत एक ओळ दिसते. तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण ब्राउजर नेमका कुठे अडलाय ते ती सांगते.

पान उघडायचं म्हणजे ब्राउजरला एकामागोमाग एक चार-पाच कामं करावी लागतात. आधी नावावरून आयपी पत्ता शोधायचा. मग त्या पत्त्यावर टीसीपीची, म्हणजे पोच घेत माल पाठवायच्या पद्धतीची, जोडणी करायची. मग टीएलएसची बोलणी, म्हणजे सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासून गुप्त किल्ली ठरवायची. त्यानंतर पानाची मागणी, आणि शेवटी पान येणं. पहिल्या पायरीवर अडलं तर ओळ "रिझॉल्व्हिंग होस्ट" म्हणते, आणि पत्ता सापडलाच नाही तर डीएनएसच्या नावाने एरर येते. संगणकाची तारीख चुकली असेल (मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की हे हमखास होतं) तर प्रमाणपत्राची लाल सूचना येते. तिथे गोल फिरत बसत नाही.

इथे ओळ होती "एस्टॅब्लिशिंग सिक्युअर कनेक्शन". आली आणि तिथेच थांबली. फायरफॉक्समध्ये बघितलं तर त्याचं म्हणणं "परफॉर्मिंग अ टीएलएस हँडशेक". म्हणजे पत्ता सापडला होता, सर्व्हरने दारही उघडलं होतं, आणि बोलणी अर्ध्यावर थिजली होती. त्याच घडीला डीएनएस, कॅशे आणि कुकीज यादीतून बाद झाल्या. कुकी तर टीएलएसची बोलणी पूर्ण झाल्यावर जाते. तोवर तिचा संबंधच येत नाही.

संगणक की लाइन

माझा मोबाइल पेढीच्या वायफायला जोडून तेच पान उघडलं. तेही अडलं. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घेतलं तर लगेच उघडलं. मग पेढीचा एक संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. त्याच क्रोममध्ये, त्याच अँटिव्हायरससकट लॉगिनची चौकट समोर हजर.

हा प्रयोग दोन्ही बाजूंनी करावा लागतो. फक्त मोबाइल बघून थांबलं तर "मोबाइलवर चालतं, म्हणजे कॉम्प्युटर खराब" हा निष्कर्ष निघतो. तो इथे आधी निघालाच होता, कारण तपासणाऱ्याचा मोबाइल वायफायवर नव्हता. आमच्या दोन्ही प्रयोगांनी संगणक, क्रोम आणि अँटिव्हायरस एकदम निर्दोष ठरवले. दोष राउटरपासून पुढे.

पण मग यूट्यूब कसं चालतं? आणि मिठाईच्या दुकानात बँक कशी उघडते? या दोन प्रश्नांची उत्तरं देणारं कारण सापडत नाही तोवर काहीही बदलायचं नाही, असं ठरवलं. न चालणाऱ्या गोष्टी घोर लावतात म्हणून सगळे त्यांच्याकडेच बघतात. मला चालणाऱ्या गोष्टींची यादी जास्त उपयोगाची वाटते. त्या यादीत साइटचं नाव, भाषा, सरकारी-खासगी असं काहीच समान नव्हतं. समान काय होतं ते पॅकेटचा, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एकेका गठ्ठ्याचा, आकार तपासल्यावर कळलं.

पॅकेटचं माप

नवी जोडणी पीपीपीओई प्रकारची होती. युजरनेम-पासवर्ड टाकून लाइन चालू करायची ती पद्धत. घरगुती ब्रॉडबँड आपल्याकडे आलं तेव्हापासून लोकांना तिची ओळख आहे. आधीच्या जोडणीत तसं काही नव्हतं, राउटरला आयपी आपोआप मिळायचा.

फरक आठ बाइटचा. इथरनेटच्या (केबलवरच्या नेटवर्कच्या) एका फ्रेममध्ये, म्हणजे पॅकेटच्या बाहेरच्या खोक्यात, जास्तीत जास्त १५०० बाइटचा माल बसतो, आणि १९८० च्या आसपास ठरलेलं हे माप आजही तसंच आहे. १९९९ च्या आरएफसी २५१६ मध्ये पीपीपीओई मांडली गेली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती सांगणारे क्रमांकित दस्तऐवज). ती या १५०० मध्येच आपली ६ बाइटची पट्टी आणि पीपीपीची २ बाइटची खूण घुसवते. उरतात १४९२. म्हणजे पीपीपीओईच्या लाइनीवरून १४९२ बाइटपेक्षा मोठं आयपी पॅकेट अखंड जाऊच शकत नाही. याला त्या वाटेचं एमटीयू म्हणतात.

विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग कमांड (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी) घेतली. 'एफ' लावला म्हणजे वाटेत तुकडे करायला मनाई, आणि 'एल' पुढे मालाचा आकार द्यायचा. १४७२ दिलं (त्यात २० बाइट आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे, म्हणजे पिंगसारखे निरोप नेणाऱ्या पद्धतीचे, बेरीज १५००), तर राउटरकडूनच उत्तर आलं की पॅकेटचे तुकडे करावे लागतील पण मनाई आहे. १४६४ दिलं तर पिंग सुरळीत. १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. माप जुळलं.

इथवर सगळं नियमाप्रमाणेच होतं. देशात लाखो घरांत पीपीपीओई चालते आणि त्यांच्या बँका उघडतात. त्यामुळे १४९२ हा आकडा सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही. हा आकडा पलीकडच्या सर्व्हरला कोण आणि कसा कळवतं, तिथे मेख असते.

म्हणून वायरशार्क (येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावलं आणि बँकेचं पान पुन्हा उघडलं.

पडद्यावर जे दिसलं ते असं. आमच्या संगणकाने जोडणीची विनंती पाठवली, आणि तिच्यात "मला एका वेळी १४६० बाइटपर्यंतचा तुकडा चालेल" असं लिहिलं होतं. या आकड्याला एमएसएस म्हणतात, १५०० मधून आयपी आणि टीसीपीचे प्रत्येकी २० बाइट वजा केले की तो निघतो. सर्व्हरने होकार दिला. मग क्रोमने टीएलएसचा पहिला निरोप धाडला. हल्ली हा निरोप एका पॅकेटमध्ये मावत नाही. उद्याच्या क्वांटम संगणकांची धास्ती म्हणून २०२४ पासून क्रोम त्यात एमएल-केईएम नावाची नवी किल्ली घालतं आणि ती एकटीच ११८४ बाइटची असते. पहिलं पॅकेट पूर्ण १५०० चं निघालं. राउटरने ते अडवून लगेच आयसीएमपीचा निरोप परत दिला : तुकडे हवेत, १४९२ पर्यंत पाठव. विंडोजने तेच पुन्हा लहान करून पाठवलं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. जाणाऱ्या वाटेवर यंत्रणा बरोबर चालली होती.

येणाऱ्या वाटेवर मात्र नाही. सर्व्हरने निरोप मिळाल्याची पोच दिली. त्यानंतर त्याने प्रमाणपत्रांची माळ पाठवायला हवी होती. ती तीन-चार हजार बाइटची सहज असते. आमच्याकडे आलं फक्त शेवटचं लहान पॅकेट. वायरशार्कने त्यावर शेरा मारला होता की याच्या आधीचा तुकडा दिसलेला नाही. आमचा संगणक "मधलं आलं नाही, पुन्हा पाठव" असं सांगत राहिला. मोठी पॅकेट आलीच नाहीत. सव्वा-दीड मिनिटाने जोडणी तुटली.

शेपूट आलं आणि धड आलंच नाही. हा नमुना एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चुकत नाही.

धड गेलं कुठे

सर्व्हरला आम्हीच सांगितलं होतं की १४६० चालेल. त्याने प्रामाणिकपणे १५०० ची पॅकेट भरली आणि वर "वाटेत तुकडे करू नयेत" असा शिक्का मारला. टीसीपीच्या पॅकेटवर हा शिक्का आता सर्रास असतो. १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी वाटेचं माप शोधायची पद्धत सांगितली, तिच्यात हे गृहीतच आहे. पॅकेट मोठं झालं तर वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा टाइप ३, कोड ४ असा निरोप धाडतो : एवढं मावत नाही, इतकं मावतं. पाठवणारा लहान पॅकेट करतो आणि गाडी पुढे जाते.

आमच्या प्रकरणात केबलवाल्याकडच्या टोकाला ती पॅकेट १४९२ च्या दारात येऊन पडत होती. तिथून निरोपही परत जात असणार, पण बँकेच्या दारातला फायरवॉल सगळंच आयसीएमपी अडवून बसला होता. कमी उंचीच्या कमानीखाली सुताच्या गाठींचा ट्रक परत फिरवला जातोय आणि गाठी कमी भरा असं सांगणारा माणूस गिरणीच्या फाटकावरच हाकलला जातोय, तसा प्रकार. ट्रक येत राहतात, परत फिरत राहतात.

सगळं आयसीएमपी बंद करायची सवय १९९० च्या दशकातली. तेव्हा पिंगच्या पॅकेटचा गैरवापर करून यंत्रं पाडली जायची, म्हणून सुरक्षेवाल्यांनी सरसकट दार लावून घेतलं. पिंग बंद करा, हरकत नाही. पण टाइप ३ कोड ४ बंद करणं म्हणजे टपाल खातं बंद करून पत्रं येत नाहीत म्हणणं आहे. मोठी पॅकेट अशी निमूट गडप होण्याला काळं विवर म्हणतात, त्याचं वर्णन २००० सालच्या आरएफसी २९२३ मध्ये सविस्तर आलंय. पाव शतक उलटलं, तरी सवय गेलेली नाही.

आता ते दोन प्रश्न सुटतात का बघू.

क्रोममध्ये यूट्यूब आणि गुगल सहसा टीसीपीवर चालतच नाहीत. त्यांची वाहतूक क्विकवर, म्हणजे एचटीटीपी/३ वर होते. क्विक हा यूडीपीवर, म्हणजे पोच न मागणाऱ्या साध्या पद्धतीवर, बसलेला प्रकार (आरएफसी ९०००, मे २०२१) आणि त्याच्या पहिल्याच नियमांत आहे, की सुरुवातीची पॅकेट किमान १२०० बाइटची असावीत. क्रोम साधारण १२५० च्या आसपास सुरू करतं. १४९२ ची कमान त्याला लागतच नाही. नंतर मोठं पॅकेट जातं का हे क्विक स्वतः चाचपून बघतो आणि नाही गेलं तर निमूटपणे लहानावर राहतो. बँकेचं मुखपृष्ठ एका सीडीएनवर (अनेक साइट्सची पानं वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) होतं आणि तेही एचटीटीपी/३ ने येत होतं. लॉगिनचा सर्व्हर मात्र बँकेच्या स्वतःच्या जागेत, साध्या टीसीपीवर. म्हणून एकाच बँकेचं अंगण दिसत होतं आणि घर बंद.

टीसीपीलाही निरोपाशिवाय माप चाचपायची युक्ती २००७ च्या आरएफसी ४८२१ ने दिली आहे. पण लिनक्समध्ये ती मुळात बंद असते, कुणी चालू करावी लागते. मोठ्या कंपन्यांतली मंडळी ते करतात. गिरणीच्या ऑर्डरच्या पानासाठी सर्व्हर भाड्याने घेणारा हे कशाला करेल?

स्पीड टेस्टचं म्हणाल, तर ती पास झाली म्हणजे त्या एका सर्व्हरपर्यंतची वाट बरी आहे, एवढंच कळतं. केबलवाल्याच्या "स्पीड येतोय ना" मध्ये हीच पळवाट आहे.

आणि मिठाईचं दुकान. तिथे केबलवाल्यानेच दिलेला घरगुती राउटर होता. असे राउटर जाता जाता एक लबाडी करतात. जोडणीची विनंती पुढे जाताना तिच्यातला १४६० हा आकडा खोडून तिथे १४५२ लिहितात. सर्व्हर पहिल्यापासूनच लहान पॅकेट भरतो आणि आयसीएमपीच्या निरोपाची गरजच उरत नाही. याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. दुसऱ्याच्या पत्रातला मजकूर मधल्यामध्ये बदलायचा हा प्रकार तत्त्वाला धरून नाही, पण पीपीपीओईची निम्मी दुनिया त्यावर उभी आहे.

पेढीवरचा राउटर मात्र पेढीचा स्वतःचा होता. छोट्या ऑफिसांसाठीचा, घरगुतीपेक्षा वरचा. आधीच्या लाइनीला या लबाडीची गरज नव्हती.

खात्री करून घेणं

कारण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. राउटरला हात लावण्याआधी एकाच संगणकावर प्रयोग केला. विंडोजच्या नेटश कमांडने त्या संगणकाच्या इथरनेट कार्डाचं एमटीयू १५०० वरून १४९२ केलं, तेही पुढच्या रिस्टार्टपर्यंत टिकेल इतपतच. दुसरं काहीही बदललं नाही.

दिवाणजींना म्हटलं, "आता उघडा बँक."

त्यांनी एंटर दाबलं आणि चष्मा सावरला. लॉगिनची चौकट आली होती. "आयला! काय केलंसा?" म्हणाले.

पुन्हा १५०० केलं. पान अडलं. पुन्हा १४९२. उघडलं. ट्रान्सपोर्टचं पोर्टल आणि गिरणीचं पानही तसंच. शेजारच्या टेबलावरचा संगणक, ज्याला हात लावला नव्हता, तो अजून गोल गोल फिरवत होता. वायरशार्कमध्ये आता विनंतीत १४५२ लिहिलेलं दिसत होतं आणि प्रमाणपत्रं शेपटासकट, धडासकट येत होती. हे असं चालू-बंद करून दाखवता आलं की मगच मी कारण सापडलं म्हणतो. रिस्टार्ट केलं आणि चाललं, यात कारण कळत नाही, फक्त तेवढ्यापुरतं काम होतं.

दुरुस्ती

प्रत्येक संगणकावर १४९२ टाकून मोकळं होता आलं असतं. पण मोबाइलवर ते माप बदलायची सोय नसते, आणि शेठ बँकेचं काम निम्मं मोबाइलवरच करतात. शिवाय उद्या नवा संगणक आला की पुन्हा तेच. म्हणून दुरुस्ती राउटरवरच करायची.

राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या लाइनीच्या) पानावर एमटीयू १४९२ होतं, बरोबर. क्लॅम्पिंगची खूण वेगळ्याच पानावर, ॲडव्हान्स्डच्या आत फायरवॉलखाली होती, आणि ती रिकामी. तिथे टिक केली, राउटरने आकडा आपोआप १४५२ धरला. सेव्ह केल्यावर पीपीपीओई एकदा तुटून जोडली गेली. ज्या संगणकांना हात लावला नव्हता त्यांवर बँक उघडली, शेठच्या मोबाइलवरही उघडली. पहिल्या संगणकाचं माप परत १५०० करून ठेवलं.

अशा वेळी काही जण राउटरचं एमटीयूच सरसकट १४०० करून टाकतात. बँक त्यानेही उघडते, कारण लहान एमटीयूवरून क्लॅम्पिंग करणाऱ्या राउटरात आकडा आपोआप खाली येतो. पण ज्या राउटरात क्लॅम्पिंगच बंद आहे तिथे त्याचा येणाऱ्या पॅकेटवर काडीचा परिणाम होत नाही, आणि जिथे होतो तिथे खरी वाट किती रुंद आहे ते कायमचं झाकलं जातं. माप मोजून टाकावं, अंदाजाने नाही.

हे झाल्यावर केबलवाल्याकडचा मुलगा ओएनटी बघायच्या निमित्ताने आला. त्याला वायरशार्कचे दोन्ही फोटो दाखवले. पोरगं हुशार निघालं. म्हणाला, "दादा, आमच्या टोकाला पण हे असतंय की." त्याने मोबाइलवरून त्यांच्या मायक्रोटिक राउटरमध्ये शिरून बघितलं. जुन्या प्लॅनच्या प्रोफाइलमध्ये 'चेंज टीसीपी एमएसएस' चालू होतं, १०० एमबीपीएसच्या नव्या प्लॅनसाठी बनवलेल्या प्रोफाइलमध्ये ते 'नो' वर होतं. म्हणजे दोन जागी सोय असते आणि पेढीच्या नशिबी दोन्हीकडे ती बंद. घरगुती राउटरवाल्यांना त्याची झळ लागत नव्हती म्हणून कुणाची तक्रारच येत नव्हती. त्याने तिथल्या तिथे 'येस' केलं. मी आमची टिक काढून पुन्हा बघितलं, बँक उघडली. मग टिक परत लावून ठेवली. दोन्हीकडे चालू असलं तर बिघडत काही नाही, कमी असलेला आकडा टिकतो.

बँकेच्या मदत केंद्रालाही शेठच्या नावाने मेल धाडला : टाइप ३ कोड ४ अडवू नका, पीपीपीओईवरचे तुमचे ग्राहक अडकतात. उत्तर आलं, ब्राउजरची कॅशे साफ करून पाहावी.

पुढची एक शेपूट

महिनाभराने पेढीचे ऑडिटर लॅपटॉप घेऊन आले. त्यांच्या ऑफिसचा वायरगार्ड व्हीपीएन (नेटवरून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद बोगदा) लागायचा, पिंग जायचं, पण आतलं फाइलींचं पान उघडायचं नाही. त्यांचे सहकारी कोल्हापुरातून त्याच व्हीपीएनवर निवांत काम करत होते, त्यामुळे पुन्हा पेढीच्या नेटवर बोट.

या वेळी सुरुवातच मापापासून केली. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला बाहेरून वेष्टण घालतो. बाहेरची वाट आयपीव्ही४ ची, म्हणजे जुन्या पत्तापद्धतीची, असेल तर ६० बाइट आणि नव्या आयपीव्ही६ ची असेल तर ८०. त्याचं नेहमीचं एमटीयू १४२० असतं, १५०० मधून ८० वजा करून ठरवलेलं. नव्या प्लॅनसोबत केबलवाल्याने आयपीव्ही६ चालू केलं होतं आणि ऑडिटरांचा लॅपटॉप सर्व्हरकडे त्याच वाटेने जात होता. १४२० अधिक ८० म्हणजे १५००, आणि दार १४९२ चं. इथे राउटरची टिक कामाची नाही, कारण बाहेरचं पॅकेट यूडीपीचं आहे आणि आतलं कुलूपबंद. आतली टीसीपीची विनंती राउटरला दिसतच नाही, तो खोडणार काय?

१४९२ मधून ८० वजा केले आणि लॅपटॉपवरच्या वायरगार्डच्या सेटिंगमध्ये एमटीयू १४१२ टाकलं. फाइलींचं पान उघडलं, आणि ऑडिटरांनी खुर्ची पुढे ओढून काम सुरू केलं.